मायच्या गळ्यातली गोळी

माझ्या मायच्या गळ्यात बंदुकीची गोळी होती, असं छातीठोकपणे सांगणारे लोक आमच्या गावात अजूनही भेटतात. त्यातले निम्मे तर तेव्हा जन्मलेही नव्हते. आधी मी त्यांना समजावून सांगायची. आता कोणी फारच रंगात आलं, तर उठून पाणी प्यायला जाते, कारण माझं डोकं तापट आहे आणि हात त्याहून तापट.

हे डोकं मला मायकडूनच आलं. बाप तापानं लवकर गेला. चंद्रपूर जिल्ह्यात, सावली गावापासून आत, वैनगंगेच्या बाजूला आमची भाताची खाचरं, म्हणजे धानाच्या बांध्या होत्या, त्या मायनं एकटीनं कसल्या. बैलाला, पोरांना, ढगांना, सगळ्यांना ती एकाच आवाजात शिव्या द्यायची आणि तो आवाज नाल्यापलीकडे ऐकू जायचा. ती कधी गोड बोललीच तर आम्ही भावंडं घाबरायचो, वाटायचं हिला नक्की ताप आलाय. दादा माझ्याहून मोठा, मॅट्रिकला बसून उठलेला आणि शेतात राबणारा. मी मूल गावाला कॉलेजात जायची, मला मास्तरीण व्हायचं होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धान पिकून आडवं पडायला लागलं की रानडुकरांचे कळप यायचे आणि एका रात्रीत बांधीचा चिखल करून जायचे. धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या पलीकडे ज्यांचं शेत होतं, नात्यातले नसूनही ज्यांना आम्ही काका म्हणायचो, त्यांच्याकडे एक भरमार बंदूक होती. परवाना वगैरे काही नाही. दारू ठासायची, छर्रे भरायचे आणि शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसून राहायचं. सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणीच कुठे बोलत नव्हतं. डुक्कर पडलं की एक वाटा आमच्याही घरी यायचा, मग बोलणार कोण?

त्या दिवशी धुकं होतं. उजाडता उजाडता माय पुढे गेली होती, मी मागून चहाची किटली घेऊन येत होते. धाडकन आवाज झाला, बगळे उडाले आणि मायची किंकाळी आली. मी किटली टाकून पळाले. माय धुऱ्यावरून खाली कुपात, काट्याकुट्यांच्या कुंपणात पडली होती. कुपाला लावलेल्या बांबूचं एक तासलेलं टोक तिच्या मानेत, गळपट्टीच्या हाडावर घुसलं होतं, आणि रक्त असं वाहत होतं की लुगड्याचा रंग कळेना. काका माळ्यावरून उडी मारूनच आले होते. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून तिच्या मानेला दाबून धरला.

"बाई, म्या डुकरावर मारली वं," ते म्हणत होते. "तुले कुठी लागली? सांग ना, कुठी लागली?"

"मेल्या, डोळे फुटले काय तुहे?" माय म्हणाली आणि तिची शुद्ध गेली.

तिला बैलबंडीत घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून सावलीला. बंडी काकांचीच होती आणि हाकलीही त्यांनीच. सावलीच्या डॉक्टरनं जखम धुतली, टाके घातले. जखम छर्र्याची की बांबूची हे त्याला सांगता येईना. आत काही राहिलंय का ते बघायला चंद्रपूरला जाऊन एक्स-रेचा फोटो काढा, म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं दादा मायला घेऊन चंद्रपूरला गेला. मी गुरांसाठी घरी राहिले.

चंद्रपूरच्या त्या खाजगी दवाखान्यात डॉक्टर बाहेर गेले होते, संध्याकाळी येणार होते. फोटो काढणाऱ्यानं फिल्म ओली असतानाच उजेडाला धरली आणि दादाला मायच्या मानेत एक पांढरा ठिपका दाखवला. म्हणाला, "गोळीसारखं दिसून राह्यलं, भाऊ. डॉक्टरले दाखवा."

आता गोळी म्हटलं की माणसाला काय काय आठवतं! तापाची गोळी, पोरांची साखरेची गोळी. त्या माणसाला म्हणायचं होतं, औषधाच्या गोळीएवढं वाटोळं काहीतरी दिसतंय. हे मला पुष्कळ नंतर कळलं. दादाच्या सदऱ्यावर मायचं रक्त वाळलेलं होतं. त्याला गोळी या शब्दाचा एकच अर्थ ऐकू आला. त्यानं मायला खाटेवर तसंच सोडलं, वाळत घातलेली फिल्म ओढून घेतली आणि परतीची एस.टी. धरली. डॉक्टर संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्यापुढे माय होती, फोटो नव्हता.

घरी येऊन त्यानं मला ती फिल्म उन्हात धरून दाखवली. मायच्या मानेची हाडं, एकावर एक रचलेली, आणि समोरच्या बाजूला तो पांढरा दाणा. खरंच छर्र्यासारखा. माझं डोकं भणाणलं. ज्या माणसानं मायच्या मानेला दुपट्टा बांधला, बंडी हाकली, त्यानंच ती गोळी तिथे घातली होती, आणि वर तोंडावर खोटं बोलला होता.

"डुकरावर मारली म्हणे," दादा म्हणाला. "माही माय डुक्कर हाय काय?"

त्यानं कुडाला खोचलेली कुऱ्हाड काढली. मी त्याच्या मागे पळाले. अडवायला पळाले की बघायला, हे तेव्हाही मला धड सांगता आलं नसतं.

काका त्यांच्या खळ्यात होते, धानाच्या पुंजण्याला, कापून रचलेल्या गंजीला टेकून बिडी ओढत बसलेले. दादाला बघून उठले आणि त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "बाई कशी हाय?" दादानं उत्तराऐवजी कुऱ्हाड घातली. पहिला घाव खांद्यात बसला. दुसरा डोक्यावर येतोय म्हणून त्यांनी उजवा हात वर केला. कुऱ्हाड पंजातून गेली. बोटं तणसाच्या पेंढ्यात पडली आणि काका आपल्या हाताकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. मग ते ओरडले. दादानं तिसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली तेव्हा मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं मला कोपरानं ढकललं, माझा ओठ फाटला, पण तेवढ्यात माणसं धावली.

त्यांच्या भाऊबंदांनी त्याच दुपारी आमचे सगळे पुंजणे पेटवले. वर्षभराचं धान उभ्या उन्हात जळलं. धान जळताना लाह्या फुटतात तसा आवाज येतो आणि वासही चांगला येतो, याचा मला आजही राग येतो. मला केसांना धरून घराबाहेर काढलं, चूल फोडली, रांजण फोडला. आमच्या वस्तीतली माणसं काठ्या घेऊन आली तेव्हा दोन्हीकडची डोकी फुटली. पोलिसांची गाडी आली, दादाला घेऊन गेली. फिल्मही नेली.

माय दुसऱ्या दिवशी एकटीच एस.टी.नं आली, मानेला पट्टी बांधून. जळलेल्या खळ्याकडे बघून तिनं तोंड सोडलं ते दिवसभर. काकांना शिव्या दिल्या, भाऊबंदांना दिल्या, दादाला दिल्या, आणि मला दिल्या की, "तू काय करून राह्यली होती? त्याच्या पायात पाय घालता नाई आला तुले?"

आमच्या वकिलाला मात्र तो फोटो फार आवडला. चंद्रपूरचा वकील, पान खाणारा, हळू बोलणारा. म्हणाला, तुमच्या भावानं कुऱ्हाड मारली हे खरं, पण आधी त्याच्या आईवर बंदूक चालली. आईच्या गळ्यात गोळी बघून कोणत्या पोराचं रक्त उसळणार नाही? त्यानं काकांवर उलटी तक्रार करायला लावली, मायला जिवे मारायला बंदूक झाडल्याची. म्हणजे बोटं गेली काकांची आणि आरोपीही काकाच. आम्हाला तेव्हा तेच बरोबर वाटत होतं. गोळी होती ना गळ्यात.

एवढंच बाकी होतं की गोळी आहे असं एखाद्या मोठ्या डॉक्टरचं लेखी पाहिजे. त्यासाठी वकिलानं आम्हाला नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी मायला पाणी प्यायला लावलं आणि ती गिळत असताना तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. पुन्हा प्यायला लावलं. मग नवा फोटो काढायला सांगितला आणि सोनोग्राफीचं यंत्र तिथे नवीनच आलं होतं, त्यावर नेलं. मायच्या गळ्याला काहीतरी थंडगार चोपडलं आणि पडद्यावर राखाडी खळबळ दिसायला लागली. त्यात मला काही म्हणजे काही कळेना.

"मावशी, ही गोळी नाही," बाई म्हणाल्या. "शिसं असतं तर एक्स-रेत त्याची कडा धारदार दिसली असती. हा चुना आहे. गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते, तिच्यात गाठ झालीय आणि गाठीत चुना जमलाय. ही आजची नाही, कित्येक वर्षांची असेल. तुम्ही पडला नसता, फोटो काढला नसता, तर कोणाला कळलंही नसतं."

पुष्कळ बायकांना अशा गाठी असतात, त्या घेऊन त्या म्हाताऱ्या होतात आणि काही बिघडत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण मायची गाठ दगडासारखी टणक होती आणि बाजूला आणखी बारीक गाठी लागत होत्या. सुई घालून नमुना काढला, तपासायला दिला. पुढच्या खेपेला त्यांनी मला बाहेर बोलावलं, पण माय काही तिथे बसून राहणारी नव्हती. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, आणि बाईंना तिच्यासमोरच कॅन्सर हा शब्द उच्चारावा लागला. सावकाश वाढणारा आहे, म्हणाल्या. आता काढला तर तुम्ही पुष्कळ जगाल. उशीर केलात तर श्वासनळीला धरेल.

मायनं हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "म्हंजे गोळी नाई?"

"नाही."

"मंग माह्या पोराचं काय?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं, मायला पोराच्या जेवणाखाण्याची काळजी आहे. त्या म्हणाल्या, आठ-पंधरा दिवसांत घरी जाल, काळजी करू नका.

वकिलाला सांगितलं तेव्हा त्यानं पान थुंकून यायला बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "हे मला तुम्ही सांगितलंच नाही, असं समजा. पहिला फोटो कोर्टात आहे, तो राहू द्या. ऑपरेशनचं म्हणाल तर निकालानंतर करा. गाठ कापून बाटलीत आली की तिच्यात छर्रा कुठे आहे, हे समोरचा वकील दुसऱ्याच दिवशी विचारेल. बाईंचा गळा हीच तुमच्या भावाची केस आहे."

मी त्याला तिथेच शिवी दिली. मायनं माझ्या पाठीत बुक्की घातली आणि वकिलाला म्हणाली, "भाऊ, निकाल लागेपर्यंत माह्या गळ्याले कोणी हात लावत नाई."

त्यानंतरचे महिने आमच्या घरात रोज मारामारी होती. मी कॉलेज सोडून घरी बसले होते. मायचा आवाज अजून शाबूत होता, त्यामुळे मारामारी गावाला ऐकू जायची. मी म्हणायची, तू मरशील. ती म्हणायची, मरीन तर मरीन, तुह्या बापाच्या घरचं मरते का? मी म्हणायची, तिकडे काका उगाच तुरुंगात जातील, त्यांनी तुला मारलंच नाही. ती म्हणायची, त्याचं होईल ते होईल, माहा पोरगा सुटला पाह्यजे. एकदा मी तिचा हात धरून जबरदस्तीनं रस्त्यापर्यंत ओढत नेलं. तिनं घरून निघतानाच फुकणी पदराखाली घेतली होती. रस्त्यावर, एस.टी.ची वाट बघणाऱ्या लोकांसमोर, तिनं त्या लोखंडी फुकणीनं मला बडव-बडव बडवलं. माझं मनगट सुजून केवढं झालं. मी तिचे केस धरले. दोघी रडत होतो आणि एकमेकींना मारत होतो, आणि एस.टी. आली तशी निघून गेली.

आता ती गाठ डोळ्यांनाही दिसायला लागली होती. माय घास गिळायची तेव्हा ती वर सरकायची आणि खाली यायची. माय त्यावर पदर घ्यायची. भाकर सोडून तिनं पेजेवर राहायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणायची, दात दुखून राह्यले.

एके दिवशी सावलीच्या बाजारात काका भेटले. उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला. त्यांचीही तारीख लागली होती. मला बघून थांबले. मला वाटलं, थुंकतील.

"बाईची तबियत कशी हाय?" त्यांनी विचारलं.

मी हातातली रिकामी पिशवी गुंडाळली. त्या माणसानं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी उलट दहा देऊन मोकळी झाले असते. बाजार न करताच मी घरी आले. दुसऱ्या दिवशी मायला न सांगता चंद्रपूरला, दादाला भेटायला तुरुंगात गेले.

जाळीपलीकडे दादा हसत आला. वकिलानं त्याला सांगून ठेवलं होतं की केस मजबूत आहे.

"गोळी नाई ते," मी म्हटलं.

"काय नाई?"

"मायच्या गळ्यात गोळी नाई. चुन्याची गाठ हाय, आधीपासूनची. काकाची गोळी तिले लागलीच नाई. आवाजाले दचकून माय बांबूवर पडली. आन ते गाठ कॅन्सरची हाय, आन माय कापू देत नाई. तुही केस बिघडते म्हणून."

त्यानं दोन्ही हातांनी जाळी धरली. मग विचारलं, "मंग म्या काकाले काऊन मारलं?"

मी म्हटलं, "तुले अक्कल नाई म्हणून."

त्यानं कपाळ जाळीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा, मग आपटतच राहिला. कपाळाची कातडी फाटून रक्त डोळ्यांत उतरलं तरी थांबेना. दोन शिपाई धावले, त्यांनी त्याला दंडुक्यानं मारतच आत नेलं. मी जाळी धरून ओरडत होते. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी वाटत होतं, आपट अजून.

तारखेला माय पांढरं लुगडं नेसून कोर्टात बसली होती. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि दादाला विचारलं, कबूल आहे का? वकिलानं शिकवून ठेवलेला शब्द होता, नाही.

"कबूल हाय, साहेब," दादा म्हणाला.

वकील उठला. दादा थांबला नाही. "कुऱ्हाड म्याच मारली. काकानं माह्या मायवर गोळी चालवली नाई. त्यायनं तिले बंडीत घालून दवाखान्यात नेलं. मायच्या गळ्यात गोळी नाई साहेब, बिमारी हाय. तिले आज नागपूरले जाऊ द्या."

काका मागच्या बाकावर होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात पोलीस दादाला घेऊन निघाले तेव्हा माय वाटेत उभी राहिली. तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. त्याच्या हातांत बेड्या होत्या, त्यामुळे त्याला तोंड झाकता येईना, आणि आलं असतं तरी त्यानं झाकलं नसतं. ती मारतच राहिली. कपाळावरची जुनी जखम उघडली, ओठ फुटला.

"गळा माहा होता," ती ओरडत होती. "माहा गळा होता तो! तुले कोनं सांगतलं होतं मधात बोलाले?"

एका म्हाताऱ्या शिपायानं तिला मिठीत धरून बाजूला केलं. दादा रक्त गिळून एवढंच म्हणाला, "आता कापून घे, माय." मग मायनं माझ्याकडे पाहिलं. त्याला कोणी सांगितलं ते तिला कळलं होतं. त्याच चपलेनं तिनं मला बसस्टँडपर्यंत मारत नेलं, आणि तिथून आम्ही थेट नागपूरची गाडी धरली.

आमच्या हट्टानं जे महिने गेले, त्यांनी किंमत घेतली. गाठ पूर्ण निघाली, पण आवाजाची एक नस तिच्यात गुरफटलेली होती, ती वाचवता आली नाही. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि मायनं शुद्धीवर येऊन तोंड उघडल्यावर नुसती हवा निघणं वेगळं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग नर्सच्या हातातला पेला भिंतीवर फेकला. जीव वाचला होता, आणि मला तेवढा आनंद पुरला. तिला पुरला नसावा.

दादाला काही वर्षांची शिक्षा झाली. काकांवरची केस मोडली. पुढच्या हंगामात ते डाव्या हातानं विळा धरायला शिकत होते, बांधीत बसून, आणि आम्ही धुऱ्याच्या या बाजूला धान कापत होतो.

शिक्षा लागल्यावर दादाची पहिली भेट मिळाली ती नागपूरच्या तुरुंगात. मोठी जाळी, मध्ये मोकळी जागा, पलीकडे दुसरी जाळी. दोन्हीकडे माणसांची गर्दी, आणि प्रत्येक जण आपल्या माणसाला बोंबलून सांगतोय. दादा रोडावला होता. त्यानं आधी मायच्या गळ्यावरचा आडवा वण पाहिला. माय पुढे झाली, जाळीला तोंड लावून काहीतरी बोलली. तिच्या घशातून फक्त खरखर निघाली, आणि त्या गलक्यात ती माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेली नसती.

"काय म्हणून राह्यली?" दादा पलीकडून ओरडला.

ती विचारत होती, "पोटभर जेवाले देतेत का रे, बाप्पा, तुले इथी?" असलं मऊ बोलणं तिनं जन्मात आमच्याशी केलं नव्हतं. हे सांगितलं असतं तर दादाला वाटलं असतं की माय आता काही राहत नाही.

"शिव्या देऊन राह्यली," मी ओरडून सांगितलं.

दादाचा चेहरा सैल पडला. कपाळ जाळीला टेकवून तो हसला.

"मंग बरी हाय ते," तो म्हणाला.